मांडीचा स्नायू आणि खेळाडूचा धीर

खो-खोच्या सरावात खो मिळताच मी उठून धावलो आणि उजव्या मांडीच्या मागे जोराची कळ आली. घरी आजीने मायेने गरम तेल चोळले. सकाळी सूज वाढली होती. बाराव्या दिवशी चालताना दुखेना, म्हणून मी मैदानात उतरलो. पुन्हा तीच कळ! आंतरमहाविद्यालयीन सामने मी बाहेर बसून पाहिले.

असे का घडले, याचा मग मी अभ्यास केला. मांडीच्या मागे तीन स्नायू असतात. ते बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत जातात. वेगाने धावताना पुढे गेलेल्या पायाला पाऊल टेकण्यापूर्वी तेच आवरतात. त्या वेळी ते ताणलेले असतात आणि जोरही लावत असतात. तेथेच तंतू तुटतात.

पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा, पट्टी बांधावी. शेकणे व चोळणे टाळावे. पुढे दुखणार नाही इतपत चालावे. नंतर बळ वाढवावे : जोडीदाराने घोटे धरावेत आणि आपण गुडघ्यांवर उभे राहून सावकाश पुढे झुकावे.

दुखणे थांबले म्हणजे स्नायू बरा झाला, असे नाही. दोन्ही पायांत सारखे बळ आले आणि पूर्ण वेगाने धावताना कळ आली नाही, तरच खेळावे. कारण एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याचा संभव अधिक असतो.

हे सारे आजीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "माझं तेल चुकलं रे, पण तू तरी थांबायचं होतंस!"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.