भाजल्यानंतरचे पहिले आठ तास

राजुऱ्याहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. वर्धा नदीचा पूल, बल्लारपूर, चंद्रपूर, वरोरा आणि मग जामवरून पुढे. मोठा भाजलेला माणूस असला की आपल्याकडे अजूनही एकच वाक्य ऐकू येते, 'नागपूरला न्या.'

हिंगणघाटात 3 फेब्रुवारी 2020 रोजी एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवले गेले. चेहरा, मान आणि श्वासनलिका भाजली होती. तिला पाऊणशे किलोमीटरवर नागपूरच्या खासगी रुग्णालयात न्यावे लागले आणि तिच्यासाठी नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमधून तज्ज्ञ डॉक्टर बोलवावे लागले. 10 फेब्रुवारीला ती गेली. सगळ्या राज्याचे लक्ष असलेल्या रुग्णासाठी ही धावपळ, तर वस्तीतल्या आमच्या मायमाउलीसाठी किती व्हावी लागेल, हे आम्हाला तेव्हापासून टोचते आहे.

जळीत रुग्णाला वेगळे केंद्र कशाला, साधा वॉर्ड का चालत नाही, असे आम्हाला पुष्कळजण विचारतात. कातडी म्हणजे शरीराची भिंत. ती जळाली की अंगातले पाणी झिरपून जाते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. भाजलेले पुष्कळ रुग्ण पहिल्या दिवशी जात नाहीत. आठवड्याने, पंधरवड्याने जंतुसंसर्गाने जातात. म्हणून वेगळी खोली, रोजचे निर्जंतुक ड्रेसिंग, त्यात तरबेज परिचारिका, कातडी बसवणारा शल्यचिकित्सक आणि शेवटी व्यायाम करून घेणारा माणूस, हे सगळे एका छपराखाली लागते. व्यायाम राहिला तर मान छातीला चिकटते, बोटे मुठीत आखडतात. जीव वाचतो, पण हात कामाचा राहत नाही.

आता त्या आठ तासांचा हिशेब. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो शरीराच्या साधारण एक टक्का असतो. समजा 50 किलो वजनाची बाई 30 टक्के भाजली. डॉक्टरांच्या नेहमीच्या हिशेबाने, वजन गुणिले टक्के गुणिले चार मिलिलिटर, तिला पहिल्या चोवीस तासांत सहा लिटर सलाईन लागते. त्यातले निम्मे, म्हणजे तीन लिटर, पहिल्या आठ तासांत. आणि हे आठ तास दवाखान्यात पोचल्यापासून नाही, भाजल्यापासून मोजायचे. गाडी शोधण्यात दोन तास आणि वाटेत चार तास गेले, तर उरले काय? म्हणून थेट नागपूर गाठण्याच्या नादात राजुऱ्याचे उपजिल्हा रुग्णालय ओलांडून जाऊ नका. 108 ला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावून घ्या, मग पुढे निघा. भाजल्याची नेमकी वेळ चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

त्याही आधीचे काम घरातच आहे. विहारातल्या एका बैठकीत आम्ही बायांना विचारले, भाजल्यावर काय लावता? हळद, कोलगेट, निळी शाई, बटाटा, तूप, शेणमाती अशी उत्तरे आली. पाणी कोणीच म्हणाले नाही! लावायचे काहीच नाही. नळाचे किंवा माठातले साधे गार पाणी वीस मिनिटे हळूहळू ओतत राहायचे. बर्फ नको. लहान मूल किंवा जास्त भाजलेला माणूस असेल तर त्याचे बाकीचे अंग गार पडू देऊ नका. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा, नंतर सुजल्यावर निघत नाहीत. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. धुतलेल्या सुती कापडाने झाकून निघा. विजेने भाजले असेल तर आधी मेन स्विच बंद करा. वरून जखम लहान दिसली तरी दवाखाना चुकवू नका, कारण वीज आतले स्नायू जाळते.

आपल्याकडे भाजण्याची कारणे तीच ती आहेत. जमिनीवर ठेवलेला आंधणाचा गंज आणि शेजारी रांगणारे लेकरू, दगडी कोळशाची शेगडी, नायलॉनची साडी. वंदनेच्या वेळी मेणबत्तीसमोर वाकताना पदर खोचून घ्या, हेही सांगून ठेवतो. आणि बाई भाजली की 'स्टोव्ह भडकला' हे घरच्यांचे उत्तर तयार असते. तिला डॉक्टरांशी आणि जबाब घेणाऱ्याशी एकटीने बोलू द्या.

त्वचादानाबद्दलही घरात बोलून ठेवा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ही कातडी रुग्णाला कायमची बसत नाही, पण काही आठवडे ती भिंतीचे काम करते आणि तेवढ्यात माणूस तगतो. त्वचापेढी नागपुरात आहे, म्हणजे राजुऱ्याहून सहा तासांचे गणित अवघडच. चंद्रपुरात पूर्ण जळीत केंद्र मागताना त्वचा घेणारे पथकही मागावे, असे आमचे मत आहे. कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि वीज केंद्र ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे ही मागणी जास्तीची नाही.

तोवर रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत, दाराजवळ ठेवा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत जळीत रुग्णांच्या उपचाराचा समावेश आहे, पण कागद घरी राहिले की एक माणूस परत पाठवावा लागतो.