घरच्या घरी संगीत-प्रकल्पाची छायाचित्रे

संगीताच्या विद्यार्थ्याला प्रकल्पवहीत छायाचित्रे जोडावयाची असली की स्टुडिओच्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. मग पुस्तकातील चित्र कापून चिकटविले जाते आणि विद्यार्थ्याने स्वतः केलेला अभ्यास वहीत दिसतच नाही. वस्तुतः एक खिडकी, धुतलेली चादर व साधा मोबाईल एवढ्या साहित्यावर हे काम होऊ शकते.

तंबोऱ्याचे उदाहरण घेऊ. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी, तारा छेडणारा हात उजेडाकडे येईल असे विद्यार्थ्याला बसवावे. मागे फिक्या रंगाची चादर ताणून लावावी. अंधाऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केल्यास सावली सौम्य होते. फ्लॅश टाळावा, भोपळ्याच्या चकाकीवर त्याचा पांढरा डाग उमटतो. मोबाईल फार जवळ नेल्यास भोपळा अवास्तव मोठा दिसतो, म्हणून सहा-सात फूट अंतर ठेवावे.

चार छायाचित्रे पुरेत : संपूर्ण बैठक, खुंट्या, जवारीच्या सुतासह घोडी आणि छेडणारा हात. पहिली तार मधल्या बोटाने व उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात, हे शेवटच्या चित्रात स्पष्ट दिसावे. वाद्य मिरजेचे असल्यास तेथील तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची नोंद चित्राखाली करावी.

शिक्षकांनी गुण देताना पोशाख व सजावट न पाहता हे बारकावे पाहावेत. ज्यांच्या घरी उजेडाची जागा नाही, त्यांना ग्रामपंचायतीने वाचनालयाची खोली तासभर दिली, तरी परिस्थितीमुळे कोणाचा अभ्यास झाकला जाणार नाही.