प्लास्टर चढण्याआधी

घर बांधून तिसरा पावसाळा सरला आणि देवघराच्या भिंतीला पोपडे धरले. गच्ची गळतेय असं समजून आम्ही वॉटरप्रूफिंग करून घेतलं. ओल हटेना. शेवटी भिंत फोडली. आत सोलरच्या गरम पाण्याच्या लाइनला साधा पांढरा पीव्हीसी पाइप! उष्णतेने मऊ पडून तो मधेच झोळीसारखा लोंबला होता आणि एल्बोच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी विटांत मुरत होतं.

"आमच्याकडं सगळे हाच टाकतात, दादा," प्लंबर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या उस्तादाने त्याला तसंच शिकवलं होतं.

साधा पाइप ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. सोलरचं पाणी ६० अंश सहज गाठतं. त्याला सीपीव्हीसीसारखा उष्णता सोसणारा पाइप लागतो, आणि सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ हा क्रमांक छापलेला असतो. हे मला भिंत फोडल्यावर कळलं.

नियम नाहीत असं नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा नववा भाग मुख्यतः प्लंबिंगवर आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली, तर राज्यभर बांधकामाची एकच नियमावली आहे आणि पाणी-सांडपाण्याच्या कामासाठी ती याच संहितेकडे बोट दाखवते. पण कागदावरचा हा एकसारखेपणा माझ्या भिंतीत पोचलाच नाही. गाव बदललं की प्लंबरची पद्धत बदलते, आणि घरमालक त्याच्या शब्दावर विसंबतो. मीही विसंबलो.

म्हणून घर बांधणाऱ्यांना कळकळीने सांगतो, पाइपवरचा आयएस क्रमांक स्वतः वाचा. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहतंय का, ते मोजा. नाहीतर गटाराचा वास घरात येतो. लाइन पंपाने दाबाखाली ठेवून गेजचा काटा उतरत नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. आणि प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो काढून ठेवा. माझ्याकडे तो असता तर अर्धीच भिंत फोडावी लागली असती.

जोत्याची तपासणी होते, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. मधे भिंतीत गाडल्या जाणाऱ्या पाइपांकडे कोणी पाहत नाही. प्लास्टरआधीची ही एक तपासणी राज्यभर सक्तीची व्हायलाच हवी.