अज्ञान मुलांना अमली पदार्थ पुरविणाऱ्यांचे दिवाणी दायित्व

(द्वितीय वर्ष, कला)

अमली पदार्थांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस, कोर्ट आणि तुरुंग उभे राहतात. गुन्हेगाराला शिक्षा झाली की प्रकरण मिटले, असे आपण समजतो. परंतु ज्या घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एखाद्या प्रौढ माणसाने गर्दची पुडी दिली, त्या घराचे प्रकरण तेथे मिटत नाही. मुलाचे औषधपाणी, बुडालेले शिक्षण, आईबापांची खाडे झालेली रोजी, हा सारा भार त्या घरावरच राहतो. तो भार पुडी देणाऱ्याने उचलावा की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

फौजदारी खटला सरकार चालविते. त्याचे फळ म्हणजे शिक्षा. दिवाणी दावा ज्याचे नुकसान झाले तो लावतो. त्याचे फळ म्हणजे भरपाई. एकाच कृत्यातून दोन्ही उद्भवू शकतात.

आपल्याकडे फौजदारी बाजू कडक आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे वैद्यकीय आदेशाशिवाय मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात १९८९ साली दुरुस्ती होऊन या धंद्यातून कमावलेली मिळकत जप्त करण्याची तरतूद आली. मात्र ही मिळकत सरकारजमा होते. फौजदारी न्यायालय भरपाईचा आदेश देऊ शकते. पण ते न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे.

दिवाणी बाजूस आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. अपकृत्याच्या सर्वसाधारण तत्त्वांवरच दावा उभा करावा लागतो. अज्ञान मुलाच्या वतीने वादमित्र दावा लावू शकतो. शिवाय १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार मुलगा सज्ञान झाल्यानंतरही ३ वर्षांपर्यंत त्याला स्वतः दावा लावता येतो. अपकृत्यामुळे मृत्यू घडल्यास १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली आईबापांसाठी भरपाई मागता येते.

मग अडचण कोठे आहे? ती पुराव्यात आहे. मुलाने ज्यांच्याकडून माल घेतला, त्यांपैकी नेमक्या कोणाच्या पुडीने नुकसान झाले, हे गरीब बापाने कसे सिद्ध करावे?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील काही राज्यांनी शोधले आहे. १९९४ साली मिशिगनने अमली पदार्थ विक्रेत्यांच्या दायित्वाचा कायदा केला. पुढे हवाई, इलिनॉय, कॅलिफोर्निया इत्यादी राज्यांनी तोच मार्ग धरला. त्याच भागात, त्याच काळात, त्याच प्रकारचा माल विकणाऱ्या विक्रेत्यावर दावा लावता येतो. ती विशिष्ट पुडी त्याचीच होती हे दाखवावे लागत नाही. आईबाप, भावंडे, तसेच उपचाराचा खर्च सोसणारे रुग्णालय यांनाही हा हक्क आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, मुलाने स्वखुशीने नशा केली. परंतु अज्ञान मुलाने केलेला साधा करारही आपला कायदा मानत नाही. मग विषाला दिलेली त्याची संमती का मानावी? अमेरिकी कायद्यात व्यसनी व्यक्तीला स्वतः दावा लावायचा असल्यास अटी आहेत: विक्रेत्याची माहिती पोलिसांना द्यावी आणि दाव्यापूर्वी ३० दिवस नशा केलेली नसावी. म्हणजे कायदा व्यसनालाही उत्तेजन देत नाही.

दुसरा आक्षेप, विक्रेत्याकडून वसूल काय होणार? नाक्यावरचा पोरगा पुष्कळदा स्वतःच व्यसनी आणि कफल्लक असतो, हे खरे. पण त्याच्या मागचा व्यापारी कफल्लक नसतो. तसा असता तर मिळकत जप्तीचा कायदा करावाच लागला नसता.

आमच्यासारख्या घरांत, जेथे कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, एका मुलाच्या शिक्षणावर सगळ्या घराची आशा असते. ती मोडणाऱ्याने तुरुंगात जावे हे योग्यच. पण जप्त मिळकतीचा काही वाटा तरी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचावा, अशी तरतूद आपल्या कायद्यात झाली पाहिजे. शिक्षेने समाजाचे समाधान होईल. मोडलेले घर सावरायला मात्र भरपाईच हवी.