थांबायचं कधी, हे आधी लिहा

औषधांच्या चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळांत मी संख्याशास्त्रज्ञ म्हणून बसतो. आमच्या बोलण्यात अशा मंडळाला डीएसएमबी म्हणतात. चाचणी चालू असतानाच आकडे उघडायचे आणि पुढे जावं की थांबावं ते सांगायचं, एवढंच आमचं काम. त्यातून जे उमगलं ते असं.

१. किती वेळा बघणार, केव्हा बघणार आणि कोणती रेघ ओलांडली तर थांबणार, हे पहिला रुग्ण दाखल होण्याआधी कागदावर हवं. वाटेल तेव्हा डोकावलं की योगायोगसुद्धा शोध वाटू लागतो. आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच हिशेब मांडून ठेवलाय. काडीचाही गुण नसलेलं औषध पाच टक्क्यांच्या कसोटीवर पाच वेळा तपासलं, तर एकदा तरी ते ‘गुणकारी’ ठरण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते.

२. सुरुवातीची रेघ उंच असावी. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांच्या १९७९ च्या पद्धतीत पहिल्या खेपेला थांबायला जवळजवळ अचाट पुरावा लागतो. त्या बदल्यात शेवटची कसोटी नेहमीच्या पाच टक्क्यांपेक्षा थोडीच कडक राहते. पोकॉकची रेघ मात्र प्रत्येक खेपेला सारखीच. पाच खेपा असतील तर दीड टक्क्याच्या आसपास. ऐकायला ते न्याय्य वाटतं, पण शेवटी ०.०३, म्हणजे तीन टक्के, हाती आलं की पाच टक्क्यांच्या आत असूनही ते नापास कसं, हे प्रायोजकाला समजावताना घाम फुटतो.

३. नुकसानीची रेघही आखून घ्या, औषधावर सगळ्यांचा कितीही विश्वास असला तरी. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडतात. ते दाबले की मृत्यू टळतील, असं हृदयरोगतज्ज्ञ धरूनच चालले होते. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीत काहींना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं, काहींना प्लॅसिबो. आखणी फायदा शोधायची होती. देखरेख मंडळाने नुकसानीचीही सीमा घालून घेतली. १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी थांबवावी लागली. अंतिम हिशेबात औषध घेणाऱ्या ७५५ जणांतले ६३ गेले, प्लॅसिबोवरच्या ७४३ जणांतले २६. ठोके दबले होते. माणसं जात होती.

४. तोंड बंद ठेवायला शिका. बैठकीचा पहिला भाग खुला असतो, मग कंपनीची माणसं बाहेर जातात आणि ‘गट अ’, ‘गट ब’ असे तक्ते समोर येतात. उठताना प्रती परत द्यायच्या. चहाच्या टेबलाशी कुणीतरी हटकून विचारतंच, “सर, ठीक आहे ना सगळं?” उत्तर ठरलेलं: पत्र येईल. पत्रातही बहुधा एकच ओळ, अभ्यास आहे तसा चालू ठेवावा. हसलात तरी अर्थ लावला जातो.

५. फायदा दिसतोय म्हणून थांबणं मला सर्वांत अवघड वाटतं. एचपीटीएन ०५२ या एचआयव्ही चाचणीत एकच जोडीदार बाधित असलेली १,७६३ जोडपी होती. पुण्याचं केंद्रही त्यात होतं. २०११ मध्ये मंडळासमोर आकडे आले तेव्हा जोडीदाराकडूनच झाल्याची खात्री पटलेले संसर्ग होते २८, आणि त्यातले २७ उशिरा उपचार सुरू होणाऱ्या गटातले. हे दडवून ठेवणं शक्यच नव्हतं. निकाल जाहीर झाला, सगळ्यांना औषधं देऊ केली, पण पाठपुरावा सोडला नाही. म्हणूनच पुढे कळलं की संसर्गातली ९६ टक्के वाटलेली घट ९३ टक्क्यांच्या जवळ आहे. लवकर थांबलेल्या चाचणीतला फायदा थोडा फुगलेला असतो. इथे फुगवटा किरकोळ होता, कारण परिणामच दणदणीत होता. लहान चाचणीत मोजक्या घटनांवर जल्लोष करणाऱ्यांना मी हात जोडतो.

६. ‘यातून काही निघणार नाही’ म्हणून थांबतानाही जपून. मार्च २०१९ मध्ये अल्झायमरवरच्या अॅड्युकॅनुमॅबच्या दोन चाचण्या अशाच थांबवल्या. पण हिशेब केला तो आधीच्या डिसेंबरपर्यंतच्या माहितीवर, आणि मधल्या काळात माहिती येतच होती. ती धरल्यावर एका चाचणीत फायदा दिसतो, असं कंपनीनेच ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. वाद वर्षानुवर्षं मिटला नाही. तेव्हापासून प्रोटोकॉल हाती आला की मी आधी शोधतो ते हे: थांबल्यावर येणारी माहिती कशी मोजणार, औषध बंद झालेल्या रुग्णांना किती दिवस बोलावणार आणि त्याचा खर्च कोण देणार.