घरून धंदा, पण जाब कोणाला द्यायचा?

निकाल लागले की मुलुंडच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला: “मुलगी नोकरी नको म्हणते, घरूनच केकच्या ऑर्डरी घेते म्हणते. करू द्यायचं का?” केकच्या जागी कधी ड्रेस मटेरियल, कधी रील्सचं एडिटिंग. माझं उत्तर यंदाही तेच आहे: बारावी किंवा बीकॉम झाल्या झाल्या, एकटीने, घरात बसून, नको.

मुलींच्या हाताला चव असते, मेहनतीचीही तयारी असते. पण घरात जाब विचारणारं कोणी नसतं. कॉलेजात हजेरी लागते, ऑफिसात साहेब विचारतो. स्वयंपाकघरात उद्याची ऑर्डर आज रात्री राहिली तर फक्त गिऱ्हाईकाला कळतं, आणि ते पुन्हा येत नाही. शिवाय एकटीच्या धंद्यात, म्हणजे प्रोप्रायटरशिपमध्ये, मालक आणि धंदा कायद्याने एकच. उधारी थकली तर ती तिच्या नावावर. उद्यम नोंदणी, जीएसटी वगैरे सीए सांगेलच. खाण्याच्या धंद्याला मात्र एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक कोणाच्या तरी नावाने असतो. ते नाव मुलीचं असू द्या, आईचं नको.

आता पालकांना स्पष्टच सांगते. ऑर्डर मुलीची, पण रात्री दीडला क्रीम फेटायला आई उभी. सकाळची लोकल पकडण्याआधी पाच रस्ता चौकापर्यंत स्कूटरवरून डबा पोचवायला बाबा. केक फुटला, फोन आला, तर बोलणारीही आईच. महिनाअखेरीची तूट घरखर्चातून भरली जाते, आणि मुलगी म्हणते, “धंदा छान चाललाय.” आईची मजुरी, गॅस, फ्रिजची वीज हिशेबात धरा आणि मग नफा काढा. लाडापोटी तुम्ही तिच्या चुकीची किंमत भरता, म्हणून ती चूक तिला कधी दिसतच नाही.

घरातून काम करून मोठं होता येत नाही, असं मी म्हणत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेच आजचं लिज्जत. तिथल्या सभासद बहिणी सकाळी भिजवलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून वाळवतात आणि आणून देतात. तिथे ते तपासले जातात, वजन होतं, मजुरी मिळते. लाटणं घरी चालतं, पण रोज कोणीतरी पापड हातात घेऊन बघतं. म्हणून त्या घरबसल्या कामाला शिस्त आली.

एकट्या मुलीला अशी तपासणी आयती मिळत नाही. म्हणून आधी दोन वर्षं दुसऱ्याच्या बेकरीत किंवा बुटीकमध्ये पगारावर काम करावं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली जागा मिळाली तर विद्यावेतनही मिळतं. या वाटेची चौकशी मात्र फारसं कोणी करत नाही. माल उतरवताना वजन करणं, शिळा पाव बाजूला काढणं, संध्याकाळी गल्ला जुळवणं, हे तिथे अंगवळणी पडतं.

ज्यांनी सुरू केलंच आहे, त्यांनी धंद्याचं बँक खातं वेगळं उघडावं. ॲडव्हान्स घेतला की तारीख आणि वेळ वहीत गिऱ्हाईकासमोर लिहावी. दर रविवारी ती वही घराबाहेरच्या, हिशेब कळणाऱ्या एका माणसाला दाखवावी. तक्रारीचा फोन मुलीनेच घ्यावा आणि परत द्यायचे पैसे तिच्याच खात्यातून जावेत.