‘फिलिप्पै’ या नांवाचा अभ्यास

(वाचा : प्रे. कृ. १६ : ११–४०, फिलि. ३ : २०, ४ : १५)

फिलिप्पैकरांस लिहिलेलें पत्र आपण वारंवार वाचतों. परंतु मथळ्यांतील नांव कसें झालें, याचा विचार क्वचितच होतो.

१. मूळ. – हें नगर मासेदोनियांत होतें. इ. स. पूर्वी ३६० च्या सुमारास थासोस बेटांतील लोकांनीं तें वसविलें व तेथील झऱ्यांवरून त्यास क्रेनिदेस, म्हणजे ‘झरे’, असें नांव दिलें. इ. स. पूर्वी ३५६ त शिकंदराचा बाप राजा फिलिप यानें तें घेऊन त्यास स्वतःचें नांव दिलें. ‘फिलिप्पोस’ म्हणजे अश्वप्रिय.

२. व्याकरण. – लॅटिनांत या नगरास ‘फिलिप्पी’ म्हणतात. हें रूप ‘फिलिप्पुस’ या नामाची एकवचनी षष्ठी, म्हणजे ‘फिलिपाचें’, असेंहि दिसेल. परंतु येथें तें प्रथमेचें अनेकवचन आहे. परीक्षा सोपी आहे. ‘करिंथांत’ यास लॅटिनांत ‘कोरिंथी’ म्हणतात, कारण तें नाम एकवचनी; पण ‘फिलिप्पैंत’ यास ‘फिलिप्पीस’ म्हणतात. अथेनै हें नांवहि असेंच अनेकवचनी आहे. संस्कृतांतहि अंग, वंग, कलिंग हीं देशनामें बहुवचनांत चालतात.

३. रोमी नांव. – इ. स. पूर्वी ४२ त येथें ब्रूटस व कॅसियस यांचा पराभव झाला, आणि जुन्या रोमी शिपायांस येथें जमिनी मिळाल्या. पुढें औगुस्ताच्या कारकीर्दींत वसाहतीचें नांव ‘कोलोनिया औगुस्ता यूलिया फिलिप्पेन्सिस’ असें झालें. ‘एन्सिस’ हा प्रत्यय ‘त्या गांवचा’ असा अर्थ दाखवितो. माणसांस लावला असतां तो आपल्या ‘कर’ या प्रत्ययासारखाच. म्हणून मराठींतील ‘फिलिप्पैकर’ हा शब्द फार समर्पक आहे.

४. पौलाचा शब्द. – पत्र ग्रीक भाषेंत आहे. तथापि ४ : १५ त पौल त्यांस शुद्ध ग्रीक नांवानें हाक न मारितां ‘फिलिप्पेसिओय’ या लॅटिन वळणाच्या नांवानें मारितो. ‘आम्ही रोमी’ हा त्या गांवचा अभिमान होता (प्रे. कृ. १६ : २१). पौल तो अभिमान तुडवीत नाहीं. पण त्याच लोकांस आपलें नागरिकत्व स्वर्गांत आहे, अशी आठवण देतो (३ : २०).

आपल्यांतहि कित्येकांचीं आडनांवें गांवावरून पडलीं आहेत. गांवाचें नांव आनंदानें धारण करावें. परंतु मंडळींत बसतांना ‘हा कोणत्या गांवचा, कोणत्या वाड्याचा’ हें पाहून जागा देऊं नये. लुदिया थुवतीराची, बंदिशाळेचा नायक फिलिप्पैचा. तरी मंडळी एकच होती.